मल्लप्पाचं मशीन आणि बसव्वाच्या अक्षता

मल्लप्पाला निवांत बसलेलं पाहिलं, असं शपथेवर सांगणारा माणूस आमच्या गल्लीत नव्हता. सोलापुरात तो जनरेटर भाड्याने द्यायचा. पेट्रोलवर चालणारं, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावं एवढं मशीन. दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत वीज तिच्या लहरीप्रमाणे यायची-जायची, त्यामुळे लग्न असो की जत्रा, मल्लप्पाला बोलावणं ठरलेलंच. मशीन सुरू झालं की याच्या फेऱ्या सुरू. वारा कुठून येतो बघ, धूर मांडवात जातो का बघ, वायर तापली का हात लावून बघ, जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईपाशी तांब्याभर पाणी ओत. जेवायचाही उभ्यानेच. बायका म्हणायच्या, एवढ्या प्रदक्षिणा सिद्धेश्वराला घातल्या असत्या तर देव स्वतः घरी चहाला आला असता.

मी त्याचा शेजारी. खरं सांगायचं तर मला त्याचा वैताग यायचा. अशा माणसाशेजारी राहिलं की त्याची घालमेल आपल्याही अंगात शिरते, विनाकारण उठून दाराची कडी बघावीशी वाटते.

त्याच्या घालमेलीला कारण मात्र होतं. वैरागला एका लग्नात दुसऱ्या एका मशीनवाल्याने गरम मशीनमध्येच पेट्रोल ओतलं. मल्लप्पाच्या डोळ्यांदेखत भडका उडाला. माणूस वाचला, पण दोन्ही हात कामातून गेले. तेव्हापासून मल्लप्पाचा नियम एकच: आधी मशीन बंद करायचं, पुरतं गार होऊ द्यायचं, मगच टाकी उघडायची, आणि दिवा-विडी आसपास फिरकू द्यायची नाही. कोणी घाई केली तर तो तोंडावर सांगायचा, "अंधारात नवरी पळून जात न्हाय. थांबा की!"

मग त्याच्याच घरात लग्न निघालं. बसव्वा, त्याची एकुलती एक मुलगी. लग्न मंद्रूपला, त्यांच्या मूळ घरासमोर मांडव घालून करायचं ठरलं, मुहूर्त गोरज. आठ दिवस आधी बसव्वा त्याला माझ्यासमोरच म्हणाली, "अप्पा, लोकांच्या लग्नात तुमी मशीनजवळ असता. माज्या अक्षतांला तरी माज्याजवळ बसा. बाकी मला काय नगं."

"व्हय की," मल्लप्पा म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. त्याचे डोळे भरून आले होते.

मशीन त्याने मेहुण्याकडे सोपवलं. संगप्पा स्वभावाने गरीब, पण धांदरट. त्याला मल्लप्पाने आठवडाभर इतकं पढवलं की तो झोपेतही "गार हुं दे, गार हुं दे" असं बरळायचा म्हणे.

लग्नाच्या दिवशी मशीन मांडवापासून चांगलं लांब, बाभळीखाली उघड्यावर ठेवलं होतं. दिवस मावळला. ट्यूबलाइटा लागल्या. लग्न लावणाऱ्या स्वामींनी मंत्र सुरू केले, आणि मल्लप्पा खरोखर मुलीशेजारी पाटावर बसला. पण ते काय बसणं! गुडघा हलतोय, मान बाभळीकडे, कान मशीनकडे. बसव्वाने पदराआडून त्याच्या धोतराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. माझीही मान सारखी बाभळीकडे वळायला लागली.

तेवढ्यात मशीनचा आवाज बसत गेला, दोन आचके आले आणि सगळा मांडव अंधारला. उरल्या फक्त स्वामींपुढच्या समया. बाभळीकडे एक कंदील पळत निघालेला दिसला. संगप्पा! एका हातात कंदील, दुसऱ्यात पेट्रोलचा उघडा डबा. शिकवलेलं सगळं घाबरून विसरला होता.

मल्लप्पाने धोतराचं टोक सोडवलं आणि तो धावला. मी मागोमाग. "कंदील लांब ने! लांब ने!" तो ओरडला. संगप्पा दचकला, मल्लप्पाने त्याचा डबा धरलेला हात दोन्ही हातांनी ओढला, आणि पेट्रोल मल्लप्पाच्याच धोतरावर सांडलं. कंदील घेऊन संगप्पा उलट्या दिशेने पळाला.

उघड्यावर मावळतीचा थोडा उजेड उरला होता, त्यात टाकीवरचा काटा दिसला: पेट्रोल भरपूर होतं. मशीन का थांबलं, ते मल्लप्पाला झाकणाकडे बघताक्षणी कळलं. मलाही त्याने बोटानेच दाखवलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत जावी लागते. त्या भोकावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले, ओल्या हाताने, जाड, वाळून चुन्यासारखे घट्ट झालेले. घर सोडून जायचं म्हणून बसव्वाने सकाळी मशीनची पूजा केली होती. याच मशीनने तिला लहानाचं मोठं केलं होतं ना.

"ह्या पट्ट्यांचं कुणाला सांगू नका," तो मला म्हणाला, आणि गरम मशीनपासून झपझप लांब गेला. मांडवातून हाका सुरू झाल्या. मुहूर्त टळतोय, नवरीचा बाप कुठंय? दुसरं धोतर सोलापूरहून आणलेल्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली बायकोच्या कमरेला, आणि बायको त्या गर्दीत. अंगाला तर पेट्रोलचा भपकारा. अशा अंगाने समयांजवळ जायचं कसं? इतका केविलवाणा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मी हितं हाय, बसव्वा!" तो अंधारातून ओरडला. "दिव्याजवळ येता येत न्हाय. तुमी टाका अक्षता!"

मांडवात कुजबूज झाली. मग बसव्वा उठली. अक्षतांआधी नवरीने पाट सोडायचा नसतो, म्हाताऱ्या ओरडल्या, पण ती चालत राहिली. निंगप्पा, नवरा मुलगा, क्षणभर गोंधळला आणि तिच्यामागे निघाला. मग काय, स्वामी निघाले, वऱ्हाड निघालं. "दिवा आणू नका! एक बी दिवा नगं!" मल्लप्पा तशातही बजावत होता. स्वामींना मंत्र पाठ होते. अंधारात कोणाच्या अक्षता कोणावर पडल्या देव जाणे; माझ्या तर सगळ्या, कंदील विझवून परतलेल्या संगप्पाच्या टोपीवर गेल्या.

बसव्वाने बापाचा हात धरला होता. तिने विचारलं, "अप्पा, आजच कसं बंद पडलं हो मशीन? कदी न्हाय ते."

मल्लप्पा जागचा हलला नाही. म्हणाला, "तू निगालीस नव्हं? त्याला करमंना."