नाव घातलेला डबा

कऱ्हाड सोडलं त्या दिवशी निजामुद्दीनच्या गाडीला अवकाश होता, पण बाबांनी आम्हाला केव्हाच फलाटावर आणून उभं केलं होतं. आई डोळे पुसत होती. बाबा मात्र माझ्या पिशवीतला स्टीलचा डबा काढून त्यावरची अक्षरं बोटानं पुन्हा तपासत होते. आमचं भांड्यांचं दुकान. सकाळीच त्यांनी मशीननं डब्यावर स्वतः नाव घातलं होतं: चि. सुनील, पुढे आडनाव, खाली गाव. "नाव असलं की हरवलेली वस्तू घरी परत येते," ते म्हणाले. मी विचारलं, "वस्तू की मी?" तर म्हणाले, "नाटकं करू नकोस."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेत पोटात दुखलं तरी तेच, परीक्षेला रडलो तरी तेच. आणि मी तर नाटकं करायलाच दिल्लीला निघालो होतो.

दिल्लीत मुनिरकाच्या गल्लीतल्या माझ्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. नोएडातल्या शूटिंगांत मला कायम मराठी हवालदाराचं काम मिळे. "यार, थोड़ा और मराठी लगो ना," असं सांगणारा दिग्दर्शक भेटला, तेव्हा आणखी मराठी कसं दिसायचं ते मला कळेना. शेवटी गुडगावच्या एका कॅफेत किस्से सांगायला माइक हातात घेतला आणि लोक हसले. तुम्ही जे गावीच राहिलात, तुम्हाला माझी चैन दिसते. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना माहीत आहे की परक्या भाषेत माणसं हसली की किती आधार वाटतो.

माझा गाजलेला किस्सा काला अंबचा. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांना पानिपतला न्यावंच लागतं. तिथल्या काला अंबच्या युद्धस्मारकापाशी आमचे मामा हुंदके देऊन रडले, आणि परतीच्या वाटेवर बाजारात त्याच डोळ्यांनी त्यांनी कांबळ्यांची घासाघीस केली. मी म्हणायचो, "हम वहाँ सब हार के आए थे. अब हर साल जाते हैं, कंबल लेके आते हैं." मामांनी हे ऐकलंय. पोट धरधरून हसले होते. मी स्वतः तिथं दर वेळी रडतो, हेही मी त्याच किश्श्यात सांगायचो.

या हिवाळ्यात कुणीतरी त्या किश्श्याच्या व्हिडिओतलं रडणं कापून तो सगळीकडे पसरवला. उरलं ते "हार के आए", त्यावरचा हशा आणि हातात डबा धरलेला मी. डबा मी स्टेजवर न्यायचो, घरचं काहीतरी जवळ असावं म्हणून. व्हिडिओत बाबांचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. कऱ्हाडात त्या आडनावाचं भांड्यांचं दुकान एकच आहे.

दोघं जण दुकानात आले, असं आईनं फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. बाबांना "काका, काका" करत चहा प्यायले. मग एक तांब्या निवडला आणि त्यावर नाव घालायला सांगितलं: कै. सुनील, पुढे आडनाव, खाली "यांच्या स्मरणार्थ".

माणूस गेला की त्याच्या नावानं भांडी वाटतात. बाबांनी अशी कितीतरी नावं घातली आहेत. जन्मात खोटं न बोललेला तो माणूस म्हणाला, "मशीन बिघडलंय." त्यावर ते दोघं म्हणाले, "असू दे काका, आम्हाला घाई नाही. सुनीलदादा कधी येतोय?"

मी आईला म्हटलं, पोलिसांत जा. ती म्हणाली, "काय सांगू? गिऱ्हाइकानं तांब्या मागितला?" तेव्हापासून ते रोज येऊन दुकानाच्या बाकावर बसतात. मशीन दुरुस्त झालं का आणि सुनीलदादा कधी येतोय, एवढंच विचारतात. मी कधी येतोय हे आजवर फक्त आई विचारायची, आणि मी दर वेळी कंटाळून उत्तर द्यायचो. आता तोच प्रश्न बाकावरून येतो.

काल दुपारी राहवलं नाही, म्हणून थेट दुकानातच फोन लावला. म्हटलं, "बाबा, मी येतो. माफी मागतो त्यांची." पलीकडे कुणीतरी विचारलं, "कोण आहे काका?" बाबा थांबले नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलतात तशा सुरात म्हणाले, "नाही हो, चुकीचा नंबर लागलाय. त्या नावाचं इथं कुणी राहत नाही." फोन ठेवला.

डबा आता खिडकीत आहे. त्यावर अजून "चि." आहे आणि खाली गावाचं नाव आहे, जिथं मी परत जायचं नाही. घर माझ्यासाठी आता तेवढंच उरलं आहे, आणि ते बाबांनी माझ्यासाठीच बंद केलं आहे. इतकी वर्षं या धंद्यात काढली म्हणून सांगतो, बाबांचा आवाज कुठंही कापला नाही. बाकावरच्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. मला मात्र क्षणभर पटलं.