हार्ड डिस्कला चामड्याचा अंगरखा

ज्यांचे पाय दुकानातल्या तयार बुटांना जुमानत नाहीत, ते सगळे अप्पांकडे येत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच बाहेर वळलेली, कुणाच्या बोटावर बोट चढलेले. अप्पा पुठ्ठ्यावर पाय ठेवायला सांगत, पेन्सिलीने भोवती रेघ ओढत आणि रेघेच्या आत बारीक अक्षरात लिहीत: टाचेखाली चार चकत्या, अंगठ्याला सैल, डावी कड उचललेली. पायाच्या आकाराचे लाकडी साचे, कलबूत, सगळ्यांना तेच दहा-बारा; त्यावर कातड्याच्या चकत्या कुठे किती चिकटवायच्या ते पुठ्ठा सांगे, मग त्यावर बूट चढे. प्रत्येक पायाला एक पुठ्ठा, प्रत्येक माणसाला एक क्रमांक. असे चारशे बारा माणसांचे पाय कपाटात क्रमाने उभे होते. तीस वर्षांत एकही हरवला नव्हता. इतकी सुरळीत चाललेली गोष्ट पुरुषांना फार दिवस बघवत नाही.

कारखान्यात दुसरे माणूस एकच, अप्पांची थोरली बहीण. सगळे तिला ताई म्हणत. बुटांचे वरचे कातडे यंत्रावर शिवणे आणि भावाला टोमणे मारणे ही दोन्ही कामे ती एकदम करी, टाका न चुकवता.

अप्पांचे जावई संगणक विकत. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी सासऱ्यांच्या टीव्हीला एक संगणक जोडून दिला. दुसऱ्या वर्षी एक पेटी आणली. आकाराने बुटाच्या खोक्याएवढी, वजनाला ऐरण.

"अप्पा, ही बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. वीस मेगाबाइट. अख्ख्या गावाचे पाय मावतील हिच्यात."

"गावाला पाय किती, ते मोजून आलात का जावईबापू?" ताईने यंत्रामागून विचारले.

हार्ड डिस्कचा मानपान नव्या सुनेपेक्षा मोठा निघाला. सकाळी आधी तिला चालू करायचे, तिची घरघर एका सुरात आली की मग संगणकाला. बंद करताना आतली सुई बाजूला निजवण्याचा हुकूम टंकायचा, मगच बटण. आणि चालू असताना धक्का म्हणून लागता कामा नये. तेव्हा अप्पांनी जाहीर केले की दहा ते एक हातोडी बंद.

"बुटांच्या कारखान्यात हातोडी बंद," ताई म्हणाली. "उद्या न्हाव्यालाही सांगून ये, कात्री वाजवू नकोस म्हणून."

दोन बोटांनी टंकत अप्पांनी तीन महिन्यांत चारशे बारा माणसे पेटीत घातली. पेटीचा कोपराही भरला नाही. उरलेल्या जागेत त्यांनी बुद्धिबळाचा खेळ ठेवला आणि रोज त्यात हरू लागले.

मग त्यांच्या लक्षात आले की कातड्याची धूळ पेटीवर बसते. कारागीर माणूस, स्वस्थ कसा बसेल. त्यांनी वासराच्या कातड्याचा अंगरखा शिवला, आतून बनातीचे लोकरी अस्तर, पुढे नाडीसाठी पितळी डोळे. इतके मऊ कातडे कुठल्या गिऱ्हाइकाच्या नशिबी आले नव्हते. पेटीच्या मागच्या जाळीतून गरम वारा येई. तिथूनही धूळ शिरेल म्हणून तीही झाकली.

दोन महिन्यांनी एका सकाळी बटण दाबले तर घरघर नाही. अप्पांनी जावयांना फोन लावला.

"अंगरखा? चामड्याचा?" जावईबापूंनी विचारले. "अप्पा, तुम्ही तिचा श्वास कोंडलात. आतली तबकडी चिकटली असणार. दोन्ही हातांत आडवी धरा आणि बरणीचं झाकण फिरवतो तसा एक झटका द्या."

झटका लागू पडला. मग रोज सकाळी अप्पा पेटी छातीशी धरून अंगात आल्यासारखे गर्रकन वळत. पाचव्या दिवशी आतून दाताखाली खडा आल्यासारखा आवाज झाला. जावई येऊन पेटी घेऊन गेले, आठवड्याने परत आणली आणि सासऱ्यांकडे न बघता म्हणाले, "गेली."

त्याच दुपारी टपालबाईचा नवरा आला. दारोदार पत्रे वाटणारी ही बाई, डावा पाय दीड इंच आखूड. सायकलवरून पडून नेमका तोच मोडला. इस्पितळात तो बूट कापून काढला आणि जोडच टाकून दिला.

"सोमवारी प्लास्टर निघतंय," नवरा म्हणाला. "मंगळवारी पायावर उभी राहून हजर झाली तर ठीक, नाहीतर तिची फेरी दुसऱ्याला देणार आहेत. बूट होतील ना अप्पा?"

"होतील की," अप्पा म्हणाले. नवरा निश्चिंत होऊन गेला.

"पाय प्लास्टरमध्ये, मोजता येणार नाही," ताई म्हणाली. "काढ तिचे पुठ्ठे."

अप्पा कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"कुठे आहेत?"

"बुटांत."

"कुणाच्या?"

"लोकांच्या. पेटीत सगळं उतरवलं होतं ना. पुठ्ठा इतका चांगला, जाड. वाया कशाला घालवायचा म्हणून एक नंबरपासून क्रमाने तळाच्या अस्तराखाली घालत गेलो. पण सगळे नाही गं ताई, पहिले चाळीसच."

"आणि टपालबाईचा नंबर?"

"एकतीस."

ताईने यंत्र थांबवले. एवढ्यासाठी ते क्वचितच थांबे. तिने बूट नेणाऱ्यांची वही उघडली आणि अप्पांनी पहिला पुठ्ठा वापरला तिथपासून बोटाने मोजत गेली. एकतिसावा जोड दातांच्या डॉक्टरांचा होता. याच डॉक्टरांनी एकदा ताईची दुखरी सोडून शेजारची चांगली दाढ उपटली होती. तिने पक्कड पिशवीत घातली आणि भावाला पुढे घालून निघाली.

"डॉक्टर, बूट काढा," दवाखान्यात शिरतच ती म्हणाली.

"आत्ता? खुर्चीत पेशंट आहे."

"तोंड उघडून बसलाय, बसू दे. अजिबात दुखणार नाही तुम्हाला."

डॉक्टर मोज्यांवर उभे राहिले आणि ताईने पकडीने अस्तर उचकटले. खालचा पुठ्ठा घामाने पिवळा पडला होता, पण पेन्सिल पुसली नव्हती. टाच होती, चकत्या होत्या, डावी कड होती. फक्त डॉक्टरांचा पाय टपालबाईच्या पायापेक्षा लहान, त्यामुळे तिच्या अंगठ्याकडचा अर्धा इंच अप्पांनी कापून कचऱ्यात टाकला होता.

"तेवढा अंदाजाने घेतो," अप्पा हळूच म्हणाले.

"घे. पेटीला विचारू नकोस म्हणजे झालं."

चार दिवस दहा ते एक या वेळातही हातोडी चालली. सोमवारी संध्याकाळी नवरा बूट घेऊन गेला. मंगळवारी सकाळपासून अप्पा दर दहा मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होते. ताई शिवत होती, पण त्या दिवशी तिने दोन टाके उसवले.

अकराच्या सुमाराला टपालबाई वळणावर दिसली. खांद्यावर थैली, चाल सावकाश, पण कंबर सरळ.

"टाच कशी आहे?" पत्र हातात घेण्याआधी अप्पांनी विचारले.

"टाच नेहमीसारखी. अंगठ्यापुढे तेवढी जागा राहते हो, पाय पुढे सरकतो. अजून अर्धी फेरी बाकी आहे."

पाकीट जावईबापूंचे होते. आत चाळीस मेगाबाइटच्या नव्या हार्ड डिस्कचे माहितीपत्रक, रंगीत, चकचकीत, चार पानी. अप्पा ते उलटसुलट करून वाचू लागले. ताईने ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि बोटांत चोळून पाहिले.

"कागद जाड आहे," ती म्हणाली. "बाई, बसा. बूट काढा."

दोन घड्या घातल्यावर तो अंगठ्यापुढे बरोबर बसला.