दार बंद, दिवा चालू

या पानावर लोक जे अनुभव लिहून पाठवतात ते मी वाचायला घेते आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडते. कुठे पांढरी साडी, कुठे पैंजणांचा आवाज... माझा पिंड तो नाही. मी याद्या करणारी बाई. वाण्याची यादी, धोब्याची यादी, गॅसचा नंबर कधी लावला, कुणाचं पुस्तक परत करायचंय, सगळं एका वहीत. देवाला रोज दिवा लावते, पण अमावास्येला बाहेर पडू नये वगैरे कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय. तीन वर्षं झाली, आणि जेवढ्या शक्यता मी कागदावर मांडल्या तेवढ्या एकेक करून खोडाव्या लागल्या.

१९८५ चा ऑक्टोबर. आम्ही मुलुंडला पश्चिमेला राहतो. चार मजली इमारत, आमचं घर पहिल्या मजल्यावर, गॅलरी कंपाउंडच्या बाजूला. माझे धाकटे दीर, वसंतभाऊजी, गिरणीतलं काम सुटल्यावर वर्षभर घरी बसून होते. मग त्यांनी जुनी मेटॅडोर घेतली आणि आम्ही शाळेची गाडी सुरू केली. ते चालवायचे, मुलांना मी सांभाळायचे. विक्रोळी, कांजूर, भांडुप असं करत आग्रा रोडने मुलुंडच्या शाळेत यायचं. सकाळचं सत्र, साडेसात ते बारा. अकरा घरं, सोळा मुलं. सगळ्यात धाकटी बालवर्गातली रुपाली साळवी, विक्रोळीच्या चाळीतली. तिची मोठी बहीण वैशाली तिसरीत.

मुलं मागच्या दाराने चढायची. आत दोन्ही बाजूंना लांब बाकं. दाराजवळची जागा माझी, एक हात कायम कडीवर.

दिव्याची गोष्ट आधीच्या पावसाळ्यातली. भांडुपला एका काळोख्या सकाळी मागचं दार उघडून मी मुलांना चढवत होते, तेवढ्यात एक स्कूटरवाला सरळ दारावर येऊन आदळला. गुडघा फुटला त्याचा. मुलांना काही झालं नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. दुपारीच वहीत काय काय सुधारायचं ते लिहून काढलं आणि भाऊजींसमोर ठेवलं. त्यात दाराच्या कडेला लाल दिवा हवा, असं होतं. दार उघडलं की लागला पाहिजे, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच कळेल.

"वहिनी, गाडी आहे की गणपतीचं मखर?" भाऊजी म्हणाले.

"मखरच समजा. पण दिवा लावून आणा."

भांडुपच्या गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियनने काम चांगलं केलं. फ्रीजला असतं तसं एक बटण चौकटीत बसवलं. दार मिटलं की ते दाबलं जायचं, दिवा बंद. उघडलं की चालू. दिवे दोन. एक दाराच्या कडेला, तो दार मिटल्यावर आत दडायचा, बाहेरून दिसायचाच नाही. दुसरा चालकाला कळावं म्हणून पुढे डॅशबोर्डवर. खाली जागा नव्हती म्हणून तो वरच उभा केला होता, बाटलीच्या बुचाएवढा, लाल. समोरच्या काचेतून बाहेरूनही दिसायचा. सव्वा वर्ष हे दिवे घड्याळासारखे चालले.

आणि मग त्या ऑक्टोबरात, एका सोमवारी, कांजूरच्या पुढे भाऊजी ओरडले, "वहिनी, दार!"

"बंद आहे!"

"अहो, दिवा लागलाय!"

"माझा हात कडीवर आहे, भाऊजी. बंद म्हणजे बंद."

गाडी बाजूला घेतली. खाली उतरून त्यांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडून मिटलं. दिवा विझला. मुलुंड येईपर्यंत तो तीनदा लागला, तीनदा विझला. मुलांना गंमत. "काकू, भूत!" असं म्हणून सगळी किंचाळायला लागली. मी मात्र कडी आणखी घट्ट धरली. दार खरंच सैल असेल तर? आग्रा रोडवर मागे ट्रकची रांग, आणि कडेला पाच-सहा वर्षांची पोरं... दुपारी इलेक्ट्रिशियनला दाखवलं. तो म्हणाला, बटण ठीक, कडी ठीक, वायरही ठीक. मंगळवारी पुन्हा तेच. मंगळवारी दुपारी भाऊजींनी वैतागून बटणाची वायरच उपटली आणि टोकांना काळी टेप गुंडाळली. "आता बघतो कसा लागतो," म्हणाले.

आता बुधवार. बुधवारचं मी क्रमाने लिहिते.

सकाळी गाडी चालूच होईना. बॅटरी उतरली होती. वॉचमन आणि दूधवाला यांनी धक्का मारला तेव्हा निघालो, वीस मिनिटं उशिरा. प्रत्येक घराशी घाई. विक्रोळीला साळवीबाईंनी रुपालीला जवळजवळ उचलूनच आत टाकलं. "रात्री झोपली नाय नीट," एवढं म्हणाल्या. मी मान हलवली. गाडी सुटली.

इथे माझी पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशीच येतं. सोळा मुलांची सोळा नावं मी लिहीत नव्हते. घराप्रमाणे अकरा ओळी. एका घरातली दोन असतील तर एकच ओळ: 'साळवी – २', 'कदम – २'. शाळेपाशी मी आधी उतरायचे, दार धरून उभी राहायचे, आणि प्रत्येक घरातलं मोठं मूल उतरताना मोठ्याने सांगायचं, "कदम दोन!", "राणे एक!" मी टिक करायचे. काम पटापट व्हायचं. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं, म्हणून मला त्या पद्धतीचा अभिमानही होता.

त्या दिवशी शाळेची घंटा होत होती आणि फाटक मिटायला लागलं होतं. मुलं उड्या मारत उतरली. वैशाली उतरली ती पळतच. "साळवी दोन!" म्हणून ओरडली. मी वहीतून मान वर केली नाही. टिक केली. अकरा ओळी, अकरा टिका. दार लावलं, बाहेरून कडी घातली.

पावणेआठला आम्ही घरी. भाऊजींनी गाडी नेहमीच्या जागी लावली, तोंड इमारतीकडे, पाठ पूर्वेला. काचा वर करून कुलूप लावलं. बॅटरी काढली आणि रिक्षात घालून चार्जिंगला गॅरेजवर घेऊन गेले. बॅटरी रिक्षात चढवताना मी हात लावलाय, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. गाडीत त्या वेळी बॅटरी नव्हती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी कोथिंबीर आणायला खाली उतरले. जिन्यातून बाहेर येताच समोर गाडी, आणि काचेच्या आत लाल दिवा. छोटासा, पण स्वच्छ पेटलेला.

मी थांबले. पहिला विचार, ऊन पडलं असेल. पण ऊन गाडीच्या पाठीवर होतं, पुढची काच गाडीच्याच सावलीत. दुसरा विचार, समोरच्या कुणाच्या तरी घरातलं काहीतरी काचेत दिसत असेल. तरी बरं वाटेना. दार उघडं असलं की लागणारा दिवा तो... मी पुन्हा वर गेले, टेबलावरची वही उघडली आणि टिका मोजल्या. अकरा. सगळी उतरली होती. मग मी स्वतःलाच हसले, पिशवी घेतली, मागच्या गल्लीतून जाऊन कोथिंबीर आणली, भाजीवालीशी भाव केला, परत आले, कणीक भिजवली.

गाडी मी उघडली नाही. वही उघडली.

साडेनऊला कपडे वाळत घालायला गॅलरीत आले. दिवा तसाच. आता तर सावलीत जास्तच लाल दिसत होता. ओला टॉवेल हातात तसाच राहिला, कारण तेव्हा डोक्यात आलं: बॅटरी गॅरेजवर आहे. वायर उपटलेली आहे. मग हा लागलाय कशावर?

किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी धावले. पायात चपलाही नव्हत्या. मागच्या दाराच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. कुलूप काढलं, कडी काढली, दार उघडलं. आतून वाफ आली तोंडावर. पुढे पाहिलं तर डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला. एरवी दार उघडल्यावर लागायचा, आज दार उघडल्यावर विझला.

आत कुणी नव्हतं. बाकं रिकामी. मी वाकले. पुढच्या टोकाला, बाकाखाली, स्टेपनीच्या मागे, राखाडी गणवेशाचा एक कोपरा.

रुपाली. गाडीत चढल्यावर कधीतरी मुलांच्या पायांतून सरपटत तिथे जाऊन झोपली होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. मी हाक मारली, हलवलं, डोळे उघडेना. तिला बाहेर ओढलं तेव्हा ती एवढी गरम होती की माझ्या हातातून सुटायला आली.

आमच्या तळमजल्यावरच डॉक्टरीणबाई राहतात आणि तिथेच त्यांचा दवाखाना. त्यांनी तिला पंख्याखाली घेतलं, कपडे सैल केले, ओल्या फडक्यांनी पुसायला लागल्या. मी बर्फ आणला. सात-आठ मिनिटांनी रुपालीने डोळे उघडले आणि "आई" म्हणाली. मी जमिनीवरच बसले.

"किती वेळ होती आत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साडेसातपासून... पुढे गाडी बंद झाली पावणेआठला."

"अगोदर काढली असतीत ना वीसेक मिनिटं, तर एवढी तापली नसती हो. आता ठीक आहे. पण आणखी उशीर चालला नसता." त्या साधंच बोलल्या. आकडा त्यांच्या तोंडून कसा बरोबर आला कोण जाणे.

भाऊजी साडेदहाला बॅटरी घेऊन आले. मी सगळं सांगितलं. ते आधी रुपालीला बघून आले, मग गाडीत शिरले. वायरची टोकं टेपमध्ये होती तशीच.

"वहिनी, ऊन चमकलं असेल काचेवर."

"ऊन कुठे होतं तेव्हा? दाखवा."

त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग सावलीतल्या पुढच्या काचेकडे पाहिलं. डॅशबोर्डवरचा बल्ब काढला आणि दोन तारा लावून सरळ भरलेल्या बॅटरीवर धरला. लागला नाही. उजेडात धरून पाहिलं तर आतली तार तुटलेली. बल्ब गेलेला होता.

"कधी गेला असेल?" मी विचारलं.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "माझी वाट लागली असती हो, वहिनी. आपल्या दोघांची."

बल्ब मी जपून ठेवलाय. दोन जाणकारांना दाखवला. एक म्हणाला भास, दुसरा म्हणाला परावर्तन. दोघांनाही मी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी कंपाउंडात उभं केलं, दोन वेगवेगळ्या दिवशी, गाडी त्याच जागी लावून. दोघांनाही काही दिसलं नाही. बॅटरी नसताना गेलेला बल्ब कसा लागतो, आणि लागला तर दार उघडल्यावर का विझतो, याचं उत्तर कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही. आणि सोमवारी, मंगळवारी तो कशासाठी लागत होता, तेही ठाऊक नाही.

त्याच दुपारी मी रुपालीला घेऊन विक्रोळीला गेले, सोबत वैशाली. साळवीबाईंना मोजण्यातली चूक आणि दिवा, दोन्ही सांगितलं. वैशाली रडत म्हणाली, "आई, मी दोन म्हटलं गं, सवयीने..." बाईंचा हात उठला. मी तो धरला. "तिला मारू नका. मोजायचं काम माझं होतं, बघायचं काम माझं होतं. चूक माझी." हे मी म्हणाले, आणि ते खरंच आहे. दुसऱ्या दिवसापासून सोळा ओळी केल्या. टिक करण्याआधी प्रत्येकाचा चेहरा बघायचा, आणि शेवटी बाकाखाली हात फिरवायचा. आजही तसंच करते.

मला वाटलं होतं, बाई मुलींना गाडीतून काढतील. पण पुढच्या शुक्रवारी त्या आमच्या घरी आल्या, नारळ, तांदूळ आणि खण घेऊन. माझी ओटी भरायची म्हणाल्या. मी नको नको म्हणाले, तरी पाटावर बसवलं.

"देवानंच दिवा दाखवला तुमाला, बाई. माझी पोर वाचली."

मी पदर पुढे धरला.

ओटीत तांदूळ टाकता टाकता त्यांनी सहज विचारलं, "दिवा दिसला तशाच धावलात ना?"

मी "हो" म्हणाले.