वाढत्या अंगाची मोटार

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण ते शाळेचे नव्हेत, शिवणयंत्राचे. मास्तरांचा हात मोठा सैल. पोराची विजार शिवायला टाकावी, तर ती पोराच्या आधीच वयात येऊन घरी यायची. वर "वाढतं अंग आहे, असू दे" हे ठरलेलं.

अशा माणसाने उतारवयात शिडाची होडी घेतली. दोघं बसली की तिसऱ्याने काठावरूनच हात हलवावा, एवढीशी. पहिल्याच फेरीत वारा पडला आणि मास्तर नि त्यांची बायको भर तळ्यात दुपारभर एकमेकांकडे बघत बसले. लग्नानंतर इतकं सलग बघणं कधी झालं नव्हतं, आणि ते बाईंना काही फारसं मानवलं नाही. काठाला पाय लागताच त्या म्हणाल्या, "मोटार बसवा, मग एकदाच येईन. पुन्हा फजिती झाली, तर तुम्ही आणि तुमची होडी!"

मास्तर धास्तावले. होडी घेतलीच होती ती दोघांनी मिळून फिरायला. एकट्याने काय मासे मोजायचे?

मोटारवाल्याने होडी न्याहाळली. "अडीच हॉर्सपॉवर बास."

"आठची दे."

"मास्तर, होडी आहे ती, विमान नाही. एवढीशी होडी पाणी सारत चालते. घोडे वाढवले तर वेग नाही वाढत, नुसतं ओझं वाढतं."

"असू दे रे, जरा सैलच बरी."

आठची मोटार दोघांनी कण्हत कण्हत मागच्या फळीवर चढवली. शेजारी मास्तर टेकले मात्र, होडीने बसकणच मारली. नाक आभाळात, बूड पाण्यात, आणि मास्तरांच्या चपला आतल्या आत तरंगायला लागल्या.

बाई पिशवी घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. "अहो, एवढी मोठी कशाला?"

"म्हटलं, पुढेमागे लागली तर..."

"होडी काय वाढणार आहे?"

उभ्या जन्मात मास्तरांनी मापं घेतली ती वाढणाऱ्यांचीच. बाई घराकडे वळल्या.

"अगं थांब! ही फजिती माझी एकट्याची. तू अजून बसलीच कुठे आहेस? तू बसल्यावर झाली तर ती मोजायची!"

एवढा वकिली मुद्दा ऐकून बाईंना हसू फुटलं. "बरं. जा, बदलून आणा. आणि मापाची आणा."

मास्तरांनी अडीचची उचलली. निघता निघता "साडेतीनची नसते का रे?" असं विचारलंच, पण उत्तराला थांबले नाहीत.

होडी सरळ राहिली. बाई बसल्या. मोटार फटफटत निघाली.

"चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या पुन्हा काहीतरी बोलल्या.

"काय?"

"बंद करा म्हटलं ती! काही ऐकू येत नाही."

"अगं, वारा नाही. अडकून पडू."

"पडू. कंटाळा आला की सुरू करता येते ना?"

मास्तरांनी मोटार बंद केली. होडी जागच्या जागी डुलत राहिली. बाई ऐसपैस बसल्या, पिशवीतून शेंगा काढल्या, आणि थोरल्या नणंदेचा, म्हणजे मास्तरांच्याच बहिणीचा, सगळा कारभार अगदी मुळापासून सांगायला घेतला.