सीतादह्याचा मान

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीची गोष्ट. मुदतीच्या तापातून मी उठले त्याचं श्रेय घरचे घाटंजीच्या डॉक्टरांना देत, सासूबाई कळंबच्या गणपतीला. मला विचाराल तर मी उठले ती निव्वळ जळफळाटाने. धाकट्या जावेवरच्या.

पावसाळाभर मी बाजेवर पडून होते. केस मूठमूठ गळाले, पायांच्या काटक्या झाल्या. आणि ही भवानी कमरेखाली लोंबणारी वेणी हलवत माझ्याच चुलीवर भाकरी थापायची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिचं! एकदा माझ्या नवऱ्याने तिच्या हातची अंबाडीची भाजी पुन्हा मागून घेतली, तेव्हा मुगाचं पाणी पिता पिता मी त्या भाजीच्या नावाने बोटं मोडली. ताप गेला होता, अंगाची आग काही जात नव्हती.

दिवाळी आली, कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. वावराच्या कोपऱ्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पूजा करायची, तिच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, आणि कापूस दह्यासारखा पांढरा फुटू दे म्हणून मागायचं. आमच्या घरात हा मान मोठ्या सुनेचा. लग्नापासून तो माझा होता.

सासूबाई म्हणाल्या, "तुले उभं राहाले जमत नाही, वावरात कशी जाशीन? यंदा धाकटी करीन."

धाकटीने मान खाली घातली, पण मला ती हसल्यासारखीच वाटली. चूल गेली, आता हेही? दुसऱ्या दिवशी सगळे वावरात गेल्यावर मी भिंत धरून उभी राहिले. अंधारी आली, पडले, पुन्हा उठले. मग रोज तेच. आधी दारापर्यंत, मग गोठ्यापर्यंत.

सीतादह्याच्या दिवशी मी सरळ बैलगाडीत जाऊन बसले. कोणी हटकलं नाही. वावरात धाकटीच्या हातात ताट होतं. मी हात पुढे केला, तिने ते दिलं. पूजा केली, दहीभात ठेवला, पहिला कापूस वेचला. आणि मग उठताच येईना. सासूबाई बघत होत्या.

धाकटी ताट उचलायच्या निमित्ताने वाकली. वाटलं, आता हात देईल, सगळ्यांदेखत. हात न देता ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "उठा जाऊबाई, नाई त पुढच्या साली मीच करीन."

मी अशी उठले, की पदर सावरायचंही भान राहिलं नाही.