महादेवानं लावलेलं कुलूप

महादेव गेल्याचं त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी साताऱ्यात घरी मेथी निवडत बसलो होतो. मेथी तशीच राहिली... त्याला आता महिना होत आला. एवढा भांडखोर आणि एवढा गोड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही दोघं शिकवत होतो. तो जतकडचा, मेंढपाळ घरातला. तिकडच्या विहिरींचं पाणी किती खाली गेलंय, याच्या नोंदी आम्ही मिळून ठेवायचो. तो दोर सोडून मोजायचा, मी संगणकावर चढवायचो. लॅबच्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली त्यानंच घातली होती. तो काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून सगळं करायचा आणि माउस धरणाऱ्या मला 'पावणा' म्हणायचा.

एक दिवस माझी एकही नवी फाइल त्याला उघडेना. मी फाइल मॅनेजरमध्ये जाऊन 'इतरांना वाचू द्या' अशी खूण करायचो, तेवढी फाइल उघडायची. पुढची नवी पुन्हा बंद. महादेवाला वाटलं, या नोंदींवरच्या शोधनिबंधावर एकट्याचं नाव घालायला मी नोंदी दडवतोय. "आरं, न्हाई दाखवायचं तर सरळ सांग की!" म्हणाला आणि बोलणंच टाकलं. तीन आठवडे! समोरून आला की मान वळवायचा. मला फार लागलं ते.

शेवटी मीच त्याला दंडाला धरून मशीनपुढं बसवलं. त्याच्या काळ्या पडद्यातून फाइल केली, ती सगळ्यांना उघडली. फाइल मॅनेजरमधून केली, ती बंद. मशीन तेच, खातं माझंच. मग माउसनं चालणारा डेस्कटॉप सुरू होताना जे हुकूम आपोआप चालतात, ते त्यानं तपासले. त्यात एक ओळ सापडली, नवी फाइल फक्त मालकापुरती ठेवणारी. शेजारी त्याचीच टीप, 'परीक्षेपुरतं'. पोरांनी एकमेकांची उत्तरं उतरवू नयेत म्हणून त्यानंच घातलेली नि नंतर काढायची विसरलेली. स्वतः डेस्कटॉपकडे फिरकत नसल्यानं त्याला कधी जाचलीच नव्हती.

तो तडक स्टाफरूममध्ये गेला. सगळ्यांपुढं म्हणाला, "आवं, कुलूप मीच घातलं व्हतं, आन् चोर ह्याला ठरवलं."

ओळ काढली तरी जुन्या फाइली बंदच होत्या. एका हुकमात साऱ्या उघडल्या असत्या. पण पठ्ठ्या माउस घेऊन एकेक उघडत बसला.

"अरे, काय हे?"

"ऱ्हाऊ दे गड्या. संशय एकेकीवर घेतला, एकेकच उघडतो."

दोन दिवस लागले. माझा राग पहिल्या तासातच गेला होता, पण ते न सांगता मी चहा आणून देत मजा बघत राहिलो.

पुढं मी साताऱ्याला आलो. "ये की रं," तो फोनवर म्हणायचा. "येतो," मी म्हणायचो...

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी त्याच्या संगणकापुढं बसवलं. पडद्यावर दोन नावं होती, त्याचं आणि माझं.

"तुमचं खातं पयल्यापास्नं हाय," वहिनी म्हणाल्या. "म्हनायचे, यील की कवातरी."

माझ्या नावानं उघडलं. पासवर्डही नव्हता. विहिरींच्या नोंदी थेट त्याच्या आजारपणापर्यंतच्या, मला वाचायला मोकळ्या, लिहायलाही. आणि प्रत्येक वर्षाखाली दोघांची नावं. इतक्या वर्षांत मी एकही विहीर मोजली नव्हती.