रुसव्याची पोच

मुलीचं लग्न ठरलं आणि माझा फोन नांदेनासा झाला. आचाऱ्याचा मेसेज एका ठिकाणी, हॉलवाल्याचा दुसऱ्या ठिकाणी. नवरदेवाकडची मंडळी जास्त शिकलेली, म्हणून त्यांचं तिसरंच काहीतरी. आणि दादा, म्हणजे माझा थोरला आणि एकुलता एक भाऊ, हाताला जे लागेल त्यात लिहिणारा. दिवसभर मी या ॲपातून त्या ॲपात फिरत होते, आणि तरीही कोणी ना कोणी फोन करून विचारायचं, "बघितलं नाहीत का?"

शेवटी मुलीलाच दया आली. ती कंपनीचं काम कर्जतजवळ दहिवलीतल्या आमच्या घरूनच करते, त्यामुळे माझी चिडचिड तिच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जात होती. ती म्हणाली, "आई, एक प्रोग्राम आहे. सगळीकडचे मेसेज त्यात एकाच ठिकाणी येतात. उत्तरंही तिथूनच द्यायची." आणि तिने तो माझ्या फोनात घालून दिला.

एकाच ठिकाणी आले खरे. पण मिसळणाच्या डब्यातसुद्धा हळदीला वेगळी वाटी असते, इथे तेवढंही नव्हतं. सगळे एकाखाली एक. विहीणबाई समजून मी आचाऱ्याला विचारलं, "साडीचा रंग कोणता ठरला?" त्याने अदबीने कळवलं की आमची माणसं पांढरा ॲप्रन घालतात. नंतर मी विहीणबाईंना विचारलं, बटाटे किती किलो आणणार? त्या अजून तो विषय काढतात.

मग त्या प्रोग्रामनेच एकदा मला विचारलं, उत्तरं देण्यात मदत करू का? घरात इतकी माणसं असून असं कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तो मेसेज वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, छापील मराठीत उत्तर पाठवायचा आणि सगळं प्रकरण 'पूर्ण झाले' नावाच्या कप्प्यात टाकून द्यायचा. माझ्यापर्यंत काही यायचंच नाही. कित्येक दिवसांनी मी दुपारी झोपले.

अशात पत्रिकेचं चित्र तयार होऊन आलं. मला ते फक्त विहीणबाईंना दाखवायचं होतं. माझं बोट जाड की त्याचं बटण बारीक, हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. पण पत्रिका गेली ती सगळ्यांना. गॅस एजन्सीला गेली, दाताच्या डॉक्टरांना गेली, आणि दादा तीन ठिकाणी असल्यामुळे त्याला तीनदा गेली.

आता आमच्याकडे पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मुलीच्या मामाला. तीही हातात द्यायची, हळदकुंकू लावून, त्याच्या ओटीवर बसून. कारण मुलीला मांडवात आणायची ती मामाने. तो पुढे झाल्याशिवाय मुलगी खोलीतून पाऊल बाहेर टाकत नाही. छापलेल्या पत्रिका घेऊन मी त्या आठवड्यात कशेळ्याच्या बाजूला दादाकडे जाणारच होते. त्याच्याआधी हा प्रोग्राम जाऊन पोचला, आणि तेही "आपण सहकुटुंब सहपरिवार" म्हणत.

दादा रुसणार हे मी धरूनच चालले होते. तसा तो कारण नसतानाही रुसतो. घरात कार्य निघालं की त्याचा निरोप येतो, "मी येणार नाय." याचा अर्थ, मला न्यायला या. मग आई जायची, समोर बसायची, तूच नाहीस तर कसलं कार्य म्हणायची, आणि तो सगळ्यांच्या आधी येऊन मांडवाचे खांब हलवून बघायचा. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी जाते, पण आईसारखं गोड बोलत नाही. मी भांडून आणते.

या वेळी मात्र दादाकडून काहीच आलं नाही. फोन नाही, निरोप नाही. आधी मला हायसं वाटलं. मग वाटलं, वय झालं, शहाणा झाला असेल. नंतर मात्र थोडं वाईटच वाटलं, की माझ्याच पोरीच्या लग्नात याला रुसावंसंसुद्धा वाटू नये? मी ठरवलं, पत्रिका द्यायला जाईन तेव्हा याबद्दल त्याला चांगलं फैलावर घ्यायचं.

त्याआधी वहिनीचा फोन आला. ती दबक्या आवाजात, बहुतेक परसातून बोलत होती.

"वन्सं, एक इचारू? पर्यायी व्यवस्था कोणाची केलीत?"

"कसली व्यवस्था?"

"यांच्या जागी हो. मुलीला मांडवात आणायला. तुमीच लिवलंत ना. हे नीट जेवत नायत. कोणाशी बोलत नायत."

मी फोन ठेवला आणि 'पूर्ण झाले' कप्पा उघडला. दादा तिथेच होता, वरपासून खालपर्यंत.

पहिला मेसेज: "पत्रिका मिळाली. तीनदा मिळाली. मी लग्नाला येणार नाय." त्यावर माझ्या नावाने गेलं होतं: "आपला निर्णय समजला. कळवल्याबद्दल धन्यवाद."

त्याने बहुधा थोडी वाट बघितली. मग दुसऱ्या ॲपवरून लिहिलं: "नाय म्हणजे नाय." उत्तर: "स्पष्टतेबद्दल आभारी आहोत."

मग तिसरीकडून, साध्या मेसेजवर: "माझी वाट बघू नका. पोरीला कोणीपण आणा मांडवात." उत्तर: "काळजी नसावी. पर्यायी व्यवस्था करत आहोत. आपला दिवस शुभ जावो."

त्यानंतर दादाने काही लिहिलं नव्हतं. तो तीन दारं ठोठावून गेला होता आणि तिन्ही दारांतून माझ्या नावाने कोणीतरी भलतंच बाहेर आलं होतं. मुलीने वाचलं आणि तिला आधी हसू फुटलं. मग म्हणाली, "आई, मामा खरंच नाही आला तर?" आणि तिचा चेहरा पडला. मी प्रोग्रामला लाखोली वाहिली, पिशवीत पत्रिका आणि हळदकुंकवाचा करंडा टाकला आणि कर्जतहून कशेळ्याची जीप पकडली.

दादा ओटीवर वाटेकडे पाठ करून वालाच्या शेंगा सोलत होता. वहिनी आतल्या दारात उभी राहिली.

"आलीस?" तो न वळता म्हणाला. "झाली काय व्यवस्था?"

"दादा, ते मी लिहिलेलं नाही. मशीनने लिहिलं."

"मशीनला काय ठाऊक मी येणार नाय ते?"

"तूच लिहिलंस ना."

"मी तुला लिवलं गं. मशीनला कशाला लिवीन?"

चूक माझी असली की मला राग येतो, तसा आला.

"आणि तुला एवढंही कळलं नाही? जन्मात कधी मी तुला धन्यवाद म्हटलंय? बाळंतपणात मला जीप करून खोपोलीला नेलंस, तेव्हा उशीर का केलास म्हणून मी वाटभर तुझ्याशी भांडले. ती मी तुला आपला दिवस शुभ जावो म्हणेन? आणि तू ते खरं धरून शेंगा सोलत बसलास. एक फोन करायला काय झालं होतं?"

"रुसलेल्या माणसानं फोन करायचा असतो काय?"

दारातून वहिनी म्हणाली, "ते बाकी खरं हाय." कोणाच्या बाजूने म्हणाली ते कळलं नाही.

दादाच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्याने हळूच विचारलं, "आणि मी खरंच नसतो आलो तर?"

जीपमध्ये मी बरंच काही घोकलं होतं. चुलतभावाला उभं करीन, कोणावाचून कोणाचं अडत नाही, असं खडसावून सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तर पोरीला मी खोलीतून निघू दिलं नसतं. तू येईपर्यंत बसून राहिलो असतो."

"आणि मुहूर्त?"

"गेला असता मुहूर्त."

दादा मुहूर्ताचा केवढा पक्का. शेजारच्यांच्या लग्नातसुद्धा तो घड्याळ धरून भटजींच्या मागे उभा असतो. तो वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी बोलले ते खरं होतं, हे मलाही तेव्हाच समजलं, आणि मला रडू आलं. आई गेल्यावर माझ्यावर रुसणारं एवढं एकच माणूस उरलंय.

"रडतेस काय," तो म्हणाला. मग घरात बघून आवाज चढवून म्हणाला, "फेट्याला इस्त्री करायला सांगा कोणीतरी."

"कवाच केलीय," वहिनी आतून म्हणाली.

दादाने तिच्याकडे रागाने बघितलं. मग शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, हात पंच्याला पुसले आणि नीट मांडी घालून बसला.

"तरी पण रीतीनं इचार," तो म्हणाला.

मी डोळे पुसले, पदर घेतला, पत्रिकेला हळदकुंकू लावून ती त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "दादा, लग्नाला यायचं."

"बघू," तो म्हणाला, आणि पत्रिका कपाळाला लावून सदऱ्याच्या खिशात ठेवली.